साडेपाच घमेली माल मिक्सरमध्ये, काँक्रीट मात्र चार घमेलीही भरत नाही! बाकीचा माल जातो कुठे?

घराचा स्लॅब पडायचा दिवस म्हणजे घरमालकासाठी लग्नघरासारखाच. सकाळी नारळ फुटतो, मिक्सर सुरू होतो, घमेल्यांची रांग लागते. आयुष्याची कमाई समोर ओतली जात असते, त्यामुळे मालक एका कोपऱ्यात उभा राहून सगळं मोजत असतो. एक घमेलं सिमेंट, दीड घमेली वाळू, तीन घमेली खडी. बेरीज झाली साडेपाच.

पण मिक्सरमधून बाहेर आलेलं काँक्रीट मोजलं, तर ते साधारण साडेतीन ते पावणेचार घमेलीच भरतं.

मग जवळजवळ दोन घमेली माल गेला कुठे? ठेकेदाराने गंडवलं की काय?

तर नाही. साइट इंजिनिअरला विचारलं तर तो शांतपणे सांगेल, की साडेपाचला १.५४ ने भागा. एक घनमीटर काँक्रीट हवं असेल तर साधारण १.५४ घनमीटर कोरडा माल लागतो, हा बांधकामातला जुना ठोकताळा आहे. सांगलीच्या विश्रामबागला १९४७ साली सुरू झालेलं वालचंद कॉलेज असो की दुसरं कुठलं इंजिनिअरिंग कॉलेज, सिव्हिलच्या पोराला हा आकडा माहीत असतोच.

पण हा आकडा येतो कुठून? त्यामागे आहे एक चारशे वर्षांचं गणित. एखाद्या जागेत वस्तू जास्तीत जास्त दाटीने कशा बसवायच्या, याचं गणित. आणि गंमत म्हणजे हे गणित स्लॅबच्या खडीला जसं लागू होतं, तसंच त्याच स्लॅबमधल्या सळईला आणि मालकिणीच्या गळ्यातल्या सोन्यालाही लागू होतं.

आधी एक बादलीभर खडी घ्या

दहा लिटरची बादली काठोकाठ खडीने भरा. बघणारा म्हणेल, बादली भरली. आता त्यात मापाने पाणी ओता. साधारण चार लिटर पाणी आरामात आत जातं आणि तेव्हा कुठे ते काठाला लागतं.

म्हणजे भरलेल्या बादलीत चाळीस टक्क्यांच्या आसपास निव्वळ हवा होती!

वाळूचंही तसंच. वाळूचे कण बारीक असतात म्हणून ती भरीव वाटते, पण तिच्यातही एक तृतीयांशाच्या आगेमागे जागा रिकामीच असते. म्हणजे मालकाने जी साडेपाच घमेली मोजली, त्यात खडी, वाळू आणि सिमेंटबरोबर भरपूर हवाही मोजली गेली. मिक्सर फिरला की वाळू खडीच्या फटीत शिरते, सिमेंट आणि पाणी वाळूच्या फटीत शिरतं आणि ती हवा बाहेर पडते. माल कुठेही गेलेला नसतो, तो एकमेकांच्या पोटात शिरलेला असतो.

आता पुढचा प्रश्न. या फटी कमीत कमी किती करता येतात?

फळवाल्याला जे कळलं, ते सिद्ध करायला चारशे वर्षं गेली

हातगाडीवर मोसंबी रचणारा फळवाला बघा. खालच्या थरात तीन-चार फळांच्या मधे जो खळगा तयार होतो, त्यात तो वरचं फळ ठेवतो. फळावर फळ सरळ उभं कोणी रचत नाही.

इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न तोफगोळ्यांच्या बाबतीत आला होता. सर वॉल्टर रॅले यांच्यासाठी थॉमस हॅरियट हा गणितज्ञ त्यावर काम करत होता. हॅरियटचा पत्रव्यवहार योहान्स केप्लरशी झाला. तोच केप्लर, ज्याने ग्रहांच्या गतीचे नियम मांडले. १६११ साली केप्लरने हिमकणांवर एक छोटी पुस्तिका लिहिली आणि त्यात म्हटलं, की सारख्या आकाराचे गोळे बसवायचे असतील तर फळवाल्याच्या रचनेपेक्षा दाट रचना असूच शकत नाही.

या रचनेत गोळे सुमारे ७४ टक्के जागा व्यापतात. उरलेली २६ टक्के रिकामी.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण सिद्ध करता करता भलेभले थकले. १८३१ मध्ये गाउसने एका ठरावीक साच्यात मांडलेल्या गोळ्यांपुरतं ते सिद्ध केलं. अस्ताव्यस्त रचनांचं काय, हा प्रश्न उरलाच. १९९८ मध्ये अमेरिकेच्या थॉमस हेल्स यांनी कॉम्प्युटरच्या मदतीने पूर्ण सिद्धता मांडली. ती इतकी लांबलचक होती, की तपासायला बसलेल्या गणितज्ञांच्या गटाने शेवटी आपल्याला ९९ टक्के खात्री आहे, असं सांगितलं. उरलेल्या एका टक्क्यासाठी हेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्धतेची एकेक पायरी कॉम्प्युटरकडून तपासून घेतली. ते काम २०१४ मध्ये संपलं आणि २०१७ मध्ये छापून आलं.

म्हणजे आता पक्कं झालं. सारखे गोळे कितीही हुशारीने रचा, २६ टक्के जागा रिकामी राहणारच.

आणि हे झालं एकेक गोळा हाताने रचला तर. खडी कोणी अशी रचत नाही, ती ओतली जाते. सारखे गोळे नुसते ओतून हलवले तर ते ६४ टक्क्यांच्या आसपास अडकतात. मग काँक्रीट इतकं भरीव होतं कसं?

युक्ती एकच: मोठ्याच्या फटीत छोटं

उत्तर ‘सारखे’ या शब्दात आहे. गोळे सारखे ठेवूच नका!

हिशोब करून बघू. मोठे गोळे ओतले, ६४ टक्के जागा भरली, ३६ टक्के उरली. आता इतके बारीक गोळे घ्या की ते त्या फटींमध्ये सहज फिरतील. तेही उरलेल्या जागेच्या ६४ टक्के भरतील. एकूण भरलेली जागा झाली ८७ टक्के. त्याहून बारीक तिसरा आकार टाकला, की ९५ टक्के.

फक्त तीन मापं वापरली आणि ६४ चे ९५ झाले. प्रत्यक्षात आकडे इतके सुबक येत नाहीत, कारण कण गोल नसतात आणि मधल्या मापाचे कण एकमेकांना ढकलतात. पण दिशा हीच.

१९०७ मध्ये फुलर आणि थॉम्पसन या दोन अमेरिकी इंजिनिअरांनी काँक्रीटसाठी याचं सूत्र मांडलं. एखाद्या चाळणीतून किती टक्के माल खाली पडला पाहिजे? चाळणीच्या भोकाला सगळ्यात मोठ्या खडीच्या मापाने भागा, वर्गमूळ काढा आणि शंभरने गुणा. सगळ्यात मोठी खडी २० मिलिमीटरची असेल तर १० मिलिमीटरच्या चाळणीतून ७१ टक्के, ५ मिलिमीटरच्या चाळणीतून ५० टक्के आणि सव्वा मिलिमीटरच्या चाळणीतून २५ टक्के माल खाली पडला पाहिजे.

सिव्हिलच्या लॅबमध्ये एकावर एक चाळण्या ठेवून पोरं तासभर खडी-वाळू का हलवत बसतात, याचं उत्तर हे आहे. फुलरची रेषा आज जशीच्या तशी कोणी वापरत नाही, काँक्रीट नीट वाहावं म्हणून बारीक माल थोडा जास्त ठेवतात. पण मोठ्यापासून बारकापर्यंत सगळी मापं हवीत, हे तत्त्व तेच आहे.

यात पैशाचा भागही आहे. खडी, वाळू आणि सिमेंट यांत सगळ्यात महाग असतं सिमेंट. फटी जितक्या कमी, तितकं त्या भरायला सिमेंट कमी लागतं. शिवाय सिमेंट बनवताना चुनखडी भट्टीत भाजतात आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा साधारण ७ ते ८ टक्के धरला जातो. म्हणजे खडीच्या फटी कमी करणं हे मालकाच्या खिशाचं आणि हवेचंही काम आहे.

ही युक्ती टोकाला नेली तर काय होतं? घराच्या आरसीसीला किमान एम २० काँक्रीट लागतं. म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरवर २० न्यूटन, साधारण दोन किलो वजन पेलणारं. नव्वदच्या दशकात फ्रान्समधल्या इंजिनिअरांनी खडी पूर्ण काढून टाकली, सगळ्यात मोठा कण जेमतेम ०.६ मिलिमीटरचा ठेवला आणि सिमेंटच्याही फटीत शिरेल अशी सिलिकाची अतिबारीक पूड वापरली. हे काँक्रीट सुमारे २०० न्यूटनपर्यंत गेलं, म्हणजे एम २० च्या दहापट. १९९७ मध्ये कॅनडातल्या शेरब्रूक इथे त्याचा पादचारी पूलही उभा राहिला.

आकाराचाही खेळ असतो

२००४ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एमअँडएमच्या गोळ्या, म्हणजे आपल्याकडच्या जेम्ससारख्या चपट्या चॉकलेट गोळ्या, भांड्यात ओतून मोजल्या. गोल गोळे ६४ टक्क्यांवर अडकतात, या चपट्या गोळ्या मात्र ६८ ते ७१ टक्क्यांपर्यंत गेल्या. कारण चपटी गोळी कलते, वळते आणि अडकण्याआधी जास्त शेजाऱ्यांना चिकटते.

मग खडी चपटी वापरायची का? इथे मात्र उलटं आहे. किंचित चपटेपणाने फायदा होतो, पण खडी पत्र्यासारखी पातळ किंवा काडीसारखी लांब असेल तर कण एकमेकांत अडकून मोठ्या फटी राहतात आणि पातळ कण लवकर मोडतात. म्हणून चांगल्या खडीचे तुकडे साधारण घनाकार असावे लागतात. नदीच्या वाळूऐवजी आता सगळीकडे दिसणाऱ्या क्रश सँडची अडचणही आकाराचीच आहे. नदीची वाळू पाण्यात घासून गोलसर झालेली असते, क्रशरमधली धारदार असते. तिच्या फटी जास्त, म्हणून ती पाणीही जास्त मागते.

आणि पाणी वाढलं, की खरा घोळ सुरू होतो.

एक बादली जास्त पाणी किती महागात पडतं?

स्लॅबच्या दिवशी माल घट्ट वाटला, की कोणीतरी मिक्सरमध्ये बादलीभर पाणी जास्त ओततो. माल सरसर पसरतो, काम लवकर उरकतं, सगळे खूश.

पण सिमेंटला घट्ट व्हायला पाणी ठरावीकच लागतं. जास्तीचं पाणी काही दिवसांनी उडून जातं आणि जिथे ते होतं तिथे बारीक रिकामी नळी उरते. चाळण्या लावून ज्या फटी बुजवल्या, त्या बादलीने पुन्हा उघडल्या! ५० किलोच्या एका पोत्याला साधारण २५ ते २७ लिटर पाणी, हा एम २० साठीचा हिशोब. ओल्या वाळूतलं पाणीही यातच धरायचं.

ओल्या वाळूचं आणखी एक आहे. दमट वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. त्यामुळे तीच वाळू २०-३० टक्के जास्त जागा घेऊ शकते. मालक दीड घमेलं मोजतो, पण त्यात वाळू कमी असते. म्हणून मोठ्या कामांवर माल घमेल्याने नाही, वजनाने घेतात.

काँक्रीट ओतल्यावर व्हायब्रेटर लावतात, तोही याच गणिताचा भाग. हलवल्यावर कण खाली सरकून दाट बसतात आणि अडकलेली हवा वर येते. कोपऱ्यात व्हायब्रेटर पोचला नाही, की सेंट्रिंग काढल्यावर तिथे मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात.

याचा परिणाम लगेच दिसत नाही, तो काही वर्षांनी दिसतो. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि सांगलीतली कितीतरी घरं दिवसेंदिवस पाण्यात होती. पूर नसला तरी दर पावसाळ्यात ओल असतेच. फटी असलेल्या काँक्रीटमधून ती ओल आणि हवा सळईपर्यंत पोचते. सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्याला बसायला जागा नसते, म्हणून तो काँक्रीटलाच आतून फोडतो. छताचे पोपडे पडून गंजकी सळई उघडी पडते, ती अशी.

आता सळईच्या आत डोकावू

सळई तर भरीव लोखंड. तिच्यात कसल्या आल्या फटी?

बारावीच्या केमिस्ट्रीचा पहिला धडा आठवतो? स्थायू अवस्था. त्यात ५२, ६८ आणि ७४ टक्के असे तीन आकडे पाठ करावे लागायचे. तो ७४ म्हणजे केप्लरचाच. फक्त इथे मोसंबीच्या जागी अणू आहेत.

लोखंडाचा प्रकार गमतीशीर आहे. साध्या तापमानाला त्याचे अणू ६८ टक्क्यांच्या रचनेत बसतात. ९१२ अंश सेल्सिअसच्या वर तापवलं, की तेच अणू जागा बदलून ७४ टक्क्यांच्या दाट रचनेत जातात.

लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होतं. कार्बनचे छोटे अणू लोखंडाच्या अणूंमधल्या फटीत शिरतात. मग कुठल्या रचनेत जास्त कार्बन मावेल? कोणीही म्हणेल, ६८ टक्क्यांच्या, कारण तिथे रिकामी जागा जास्त आहे.

पण होतं नेमकं उलटं! दाट रचनेत २ टक्क्यांहून थोडा जास्त कार्बन मावतो, तर सैल रचनेत जेमतेम ०.०२ टक्के. जवळपास शंभरपट फरक.

कारण रिकामी जागा एकूण किती आहे यापेक्षा ती कशी वाटली गेली आहे, हे महत्त्वाचं असतं. सैल रचनेत जागा जास्त, पण ती चिंचोळ्या बोळांसारखी सगळीकडे विखुरलेली. दाट रचनेत जागा कमी, पण मोजक्याच ऐसपैस खोल्या. पाहुण्याला बोळात कसं झोपवणार?

स्लॅबमधली टीएमटी सळई याच फरकावर बनते. लालभडक सळई रोलिंग मिलमधून बाहेर पडते तेव्हा अणू दाट रचनेत असतात आणि कार्बन खोल्यांमध्ये बसलेला असतो. तेवढ्यात तिच्यावर जोरात पाणी मारतात. बाहेरचा थर क्षणात थंड होतो, अणू सैल रचनेकडे जायला निघतात, पण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकून अणूंची रचना ताणून धरतो आणि तो थर कडक होतो. मधला गाभा सावकाश निवतो, म्हणून तो वाकणारा, चिवट राहतो. बाहेरून कडक, आतून चिवट. भूकंपात सळई काडीसारखी तुटण्याऐवजी वाकावी, यासाठी हा चिवटपणा लागतो.

कार्बन दोन टक्क्यांच्या वर गेला तर? मग खोल्या कमी पडतात. बिडात तो साधारण ३ ते ४ टक्के असतो. उरलेला कार्बन पापुद्र्यांसारखा वेगळा साठतो आणि धातू ठिसूळ होतो. बिडाचा तवा हातातून पडला तर वाकत नाही, फुटतो, तो यामुळे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर कारखाना काढला, तेच आजच्या सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी. तिथल्या नांगराने आणि ओतकामाने या भागाला लोखंडाची ओळख दिली. ओतकामात आजही कार्बन किती आणि निववायचं किती वेगाने, यावरच सगळं ठरतं.

आणि विट्याचं सोनं

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. जुने दागिने वितळवून शुद्ध सोनं काढणं हे त्यांचं काम.

सोन्याचे अणू फळवाल्याच्या रचनेत, ७४ टक्क्यांवर बसतात. ०.४०८ नॅनोमीटर बाजूच्या एका इवल्याशा घनात हिशोबाने चार अणू येतात. अणूचं वजन माहीत आहे, घनाचं माप माहीत आहे. भागाकार केला की उत्तर येतं, एका घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम. तराजूवर मोजलेली सोन्याची घनताही तीच! अणू डोळ्यांनी न बघता नुसत्या रचनेच्या गणिताने वजन सांगता येतं. भेसळ केली की घनता बदलते, म्हणून ती शुद्धतेची एक कसोटी ठरते.

सोनं मऊ का, तेही इथेच कळतं. दाट थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून सोन्याचा वर्ख होईपर्यंत ते ठोकता येतं. पण इतकं मऊ सोनं दागिन्यात टिकत नाही. त्यात तांबं मिसळतात. तांब्याचा अणू सोन्यापेक्षा लहान, त्यामुळे थर उंचसखल होतात आणि घसरणं अवघड होतं. २२ कॅरेटचा दागिना २४ कॅरेटपेक्षा टणक असतो, तो यामुळे.

म्हणजे शेवटी मोजायचं काय?

खडी असो, लोखंड असो की सोनं, वस्तू किती भरली आहे हे आपण बघतो. पण ती किती टिकेल, वाकेल की तुटेल, पाणी आत घेईल की नाही, हे ठरतं रिकाम्या जागेवर. ती किती आहे, केवढ्या तुकड्यांत आहे आणि तिच्यात कोण जाऊन बसलं आहे, यावर.

त्यामुळे स्लॅबच्या दिवशी ‘दोन घमेली माल गेला कुठे’ म्हणून ठेकेदाराशी भांडायची गरज नाही. त्यापेक्षा तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. खडीत लहान-मोठी दोन्ही मापं आहेत का, व्हायब्रेटर कोपऱ्यापर्यंत पोचतोय का आणि पाणी मापानेच पडतंय का.

आणि कोणी जास्तीची बादली उचललीच, तर तिथे मात्र नक्की भांडा!